तलवार कुठल्या पानावर?

आम्ही कामोठ्याच्या बायका. आमच्या गटात दुपारी पेपर वाचायची सवय आहे. एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्या निवडणं-टिपणं करत ऐकतात. अशा वाचनातून एक गोष्ट आमच्या लक्षात आली, तीच आज सांगतो.

आपल्याकडच्या स्थानिक पेपरात ‘तलवार’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. पहिलं ठिकाण गुन्ह्याच्या पानावर: वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला, व्हिडिओ फिरला, गुन्हा दाखल. दुसरं शिवजयंतीच्या मिरवणुकीत: नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या मुलीचा हातात तलवार घेतलेला मोठा रंगीत फोटो. आणि तिसरं आतल्या पानावर तळाशी, चार ओळींत: ‘तलवारबाजी स्पर्धेत मुलींचे यश’. ही तिसरी बातमी वाचून झाली तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, “म्हणजे या पोरींना पोलिसांनी सोडलं का?”

आम्ही खूप हसलो. मग वाटलं, आजींचं काय चुकलं? ती तलवार कसली, मुली नेमकं काय खेळल्या, कोण कोणाशी लढलं, किती गुणांनी जिंकलं, यातलं त्या चार ओळींत काहीच नव्हतं. आज बोलायचं आहे ते या चार ओळींबद्दल. तलवार धरणाऱ्या बाईची बातमी आजवर कोणी, कशी सांगितली आणि कधी सांगितलीच नाही, त्याबद्दल.

सुरुवात आपल्या रायगड जिल्ह्यातूनच करू. पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक १८५७ मध्ये चार पैसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. राणी लक्ष्मीबाईला त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावी परतल्यावर, पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या सुमारास त्यांनी हे सगळं लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावानं छापलं.

गोडसे भटजी काही वार्ताहर नव्हते. पण चांगला वार्ताहर काय करतो ते त्यांनी केलं. राणी शूर होती एवढं म्हणून ते थांबले नाहीत. ती पहाटे उठून कसरत करायची, मल्लखांब करायची, घोड्यावर बसायची हे त्यांनी लिहिलं. दरबारात कधी पुरुषी वेषात यायची, कधी बायकी वेषात, आणि कमरेला तलवार असायची हेही लिहिलं. तलवारीमागची रोजची मेहनत त्यांना दिसली. आजच्या त्या चार ओळींत नेमकी तीच दिसत नाही.

आता खेळाकडे येऊ. तलवारबाजीला इंग्रजीत फेन्सिंग म्हणतात. खेळायची जागा म्हणजे एक लांब पट्टा, चौदा मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. कामोठ्यासारख्या ठिकाणी हे फार सोयीचं आहे. एके काळी इथे खाडीकडच्या बाजूला भातखाचरं होती, आता सेक्टर आणि सोसायट्या आहेत. क्रिकेटला मैदान मिळत नाही, पण चौदा मीटरचा पट्टा शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरातही मावतो. गावाकडे तर प्रश्नच नाही, एखादं खळंसुद्धा पुरेल.

तलवारी तीन प्रकारच्या असतात: फॉइल, इपी आणि सेबर. फॉइल हलकी असते. तिचं फक्त टोक टोचायचं, तेही धडालाच. हाताला, पायाला किंवा डोक्याला लागलं तर गुण नाही. इपी थोडी जड असते. तिचंही टोकच लावायचं, पण डोक्यापासून पायापर्यंत कुठेही चालतं, आणि दोघींनी एकदम लावलं तर गुण दोघींना. सेबर समजायला आपल्याला सोपी, कारण तिच्यात टोचण्याबरोबर वारही करता येतो. कमरेच्या वरचं सगळं, डोकं आणि हातसुद्धा, त्यात धरतात. दांडपट्टा पाहिलेल्या बाईला सेबर परकी वाटणार नाही. दोन्हीत वार आहे आणि दोन्हीत मूठ हाताला झाकते. फरक असा की पट्ट्याची मूठ अगदी कोपराच्या दिशेनं वर जाते आणि पातं फार लांब आणि लवलवतं असतं.

फॉइल आणि सेबरमध्ये आणखी एक नियम आहे. बचत गटाच्या बैठकीवरून तो पटकन कळेल. दोघी एकदम बोलायला लागल्या तर जिनं आधी सुरुवात केली तिचं ऐकायचं. दुसरीला बोलायचं असेल तर तिनं आधी पहिलीचं म्हणणं अडवायचं, मग आपलं मांडायचं. इथेही तसंच. चढाई आधी कोणी सुरू केली ते पंच पाहतो. समोरचीनं ती आपल्या पात्यानं अडवली की मग हक्क तिच्याकडे जातो. बाद लढतीत जी आधी पंधरा गुण करते ती जिंकते, आणि वेळ संपली तर जिचे गुण जास्त ती.

हे सगळं इतकं वेगात होतं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून १९३० च्या दशकात इपीला विजेची यंत्रणा लावायला सुरुवात झाली. टोक लागलं की दिवा पेटतो. फॉइलला ती १९५० च्या दशकात आली, सेबरला बरीच उशिरा. लाल दिवा एकीचा, हिरवा दुसरीचा. एवढं कळलं तरी खेळ बघायला मजा येते.

आयांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो लागण्याचा. पातं बोथट असतं. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड जाकीट, हातमोजा, मुलींना छातीचं कवच. यातले बरेचसे नियम कडक झाले ते एका दुर्घटनेनंतर. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर स्मिर्नोव्हला समोरच्याचं तुटलेलं पातं मुखवट्यातून लागलं आणि तो दगावला. त्यानंतर मुखवटे, कपडे आणि पात्यांचं पोलाद, सगळंच बदललं. तेव्हा मुलीला शिकायला पाठवलंत तर मुखवट्याची जाळी आणि जाकीट एकदा स्वतःच्या हातानं चाचपून बघा. विचारायला लाजू नका.

आता बायकांचा इतिहास. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं तेव्हापासून पुरुषांची तलवारबाजी त्यात आहे. बायकांना १९२४ मध्ये पॅरिसला शिरकाव मिळाला, तोही फक्त फॉइलमध्ये. डेन्मार्कची एलेन ओसियर त्यात पहिली आली. बायकांची इपी ऑलिम्पिकमध्ये यायला १९९६ साल उजाडलं आणि सेबर थेट २००४ मध्ये. फॉइल ते सेबर, ऐंशी वर्षं. हलकी टोचणी बाईनं करावी, वार मात्र पुरुषानं, असंच त्यात गृहीत होतं. आमचं म्हणणं कुणाला कडू लागेल, पण आपल्याकडे दांडपट्टा-लाठीच्या खेळांना ‘मर्दानी’ म्हणतात त्यातही थोडं तेच आहे. कोल्हापूरच्या मुली हे खेळ किती सफाईनं करतात ते आपण पाहतो. २०२४ मध्ये राज्य सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. नाव मात्र मर्दानीच.

बातमी दाबली कशी जाते याचं उदाहरणही याच खेळात आहे. हेलेन मायर ही जर्मनीची नामांकित तलवारबाज. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये तिनं सुवर्णपदक जिंकलं होतं. तिचे वडील ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर तिच्या स्वतःच्या क्लबनं तिचं नाव काढून टाकलं. १९३६ चं ऑलिम्पिक बर्लिनला होतं. जगाला दाखवायला जर्मन संघात एखादा ज्यू वंशाचा खेळाडू हवा होता, म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या हेलेनला बोलावून घेतलं. आणि तिकडच्या पेपरांना सरकारी सूचना गेली, की तिच्या वंशाबद्दल काही छापायचं नाही आणि तिच्या सुवर्णपदकाच्या आशेबद्दलही नाही. मुलगी मैदानात, पण पेपरातून अर्धी पुसलेली. तिला रौप्य मिळालं, सुवर्ण हंगेरीच्या इलोना एलेकला.

त्याच बर्लिनला, त्याच वर्षी, आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं. तिथे त्यांनी आपले देशी खेळ आणि व्यायाम करून दाखवले. अमरावतीत तो अभिमान अजून सांगतात. हेलेन मायरची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

आता आपल्या देशात येऊ. २००४ साली, म्हणजे ज्या वर्षी बायकांची सेबर ऑलिम्पिकमध्ये आली त्याच वर्षी, चेन्नईच्या एका शाळेत अकरा वर्षांची मुलगी खेळासाठी नाव द्यायला गेली. बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या, तलवारबाजी उरली होती. ती भवानी देवी. वडील पुजारी, आई घर सांभाळणारी. तलवारी महाग, म्हणून सरावाला बांबूच्या काठ्या आणि खरी तलवार फक्त स्पर्धेला. आईनं तिच्यासाठी दागिने गहाण ठेवले. २००७ मध्ये ती पहिल्यांदा परदेशी, तुर्कस्तानला खेळायला गेली आणि पट्ट्यावर तीन मिनिटं उशिरा पोहोचली म्हणून काळं कार्ड दाखवून बाहेर काढली गेली. पुढे केरळात थलस्सेरीला सागर लागू या प्रशिक्षकांकडे ती शिकली, त्यानंतर इटलीत.

ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. २६ जुलै २०२१ ला टोकियोत तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला १५-३ असं हरवलं आणि पुढच्याच लढतीत फ्रान्सच्या मानोन ब्रुनेकडून ती ७-१५ अशी हरली. त्या एका दिवसात देशभरच्या पेपरांनी आणि वाहिन्यांनी सेबर म्हणजे काय, पट्टा केवढा, गुण कसे, हे चौकटी टाकून समजावलं. हरल्यावर तिनं देशाची माफी मागितली. आम्हाला ते वाचून वाईट वाटलं होतं. पहिल्यांदा तिथवर पोहोचलेल्या बाईनं माफी कशाची मागायची?

दोन वर्षांनी, जून २०२३ मध्ये, तिनं चीनमधल्या वुशीला आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच पदक. उपांत्यपूर्व लढतीत तिनं जपानच्या मिसाकी एमुराला, म्हणजे त्या वेळच्या जगज्जेतीला, १५-१० असं हरवलं होतं. उपांत्य फेरीत ती हरली ती एका गुणानं, १४-१५. आता आम्ही तुम्हाला विचारतो, टोकियोची हार तुमच्यातल्या किती जणींना आठवते आणि वुशीचं पदक किती जणींना? आमच्या गटात विचारलं तर हार सहा जणींना आठवत होती, पदक एकीलाच, आणि तिची मुलगी खेळते.

आता पुन्हा आपल्या दाराशी. रायगडच्या स्थानिक पेपरांना आम्ही कमी लेखत नाही. अलिबागचा ‘कृषीवल’ १९३७ मध्ये सुरू झाला तो शेतकऱ्यांचं म्हणणं मांडायला. चरीचा संप तेव्हा चालूच होता आणि नारायण नागू पाटील तो लढवत होते. पुढे नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, १९८४ च्या जानेवारीत आंदोलनात पाच जणांचे जीव गेले. अशा काळात आपली बाजू कोण छापतो हे बघूनच इथे पेपर घेतले जायचे. कुठल्या शेतकऱ्याची किती जमीन गेली हे नावानिशी छापून यावं, असा इथल्या माणसांचा आग्रह असायचा. मुलींच्या खेळाच्या बातमीला तो आग्रह अजून कुणी धरलेला नाही.

ही चार ओळींची बातमी तयार कशी होते तेही बघा. स्पर्धा संपली की आयोजकांपैकी कुणीतरी मोबाईलवर प्रेसनोट टाईप करतो. आधी उद्‌घाटन कोणाच्या हस्ते, मग व्यासपीठावर कोण कोण, मग आभार. शेवटी उरल्या जागेत खेळाडू. ती नोट व्हॉट्‌सअ‍ॅपवर पेपरांकडे जाते. तालुक्याचा वार्ताहर बिचारा रस्ता, पाणी, अपघात, सभा, सगळं एकटा बघतो. अनेकांना ठरलेला पगारही नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर भागतं. तो स्पर्धेला जाणार कधी? नोट आली तशी लागते. जागा कमी पडली की खालून कापतात, आणि खाली तर मुलींचीच नावं असतात. शब्दांचीही गंमत होते. फॉइलची ‘फाईल’ होते आणि सेबरचं ‘सायबर’. ‘सायबरमध्ये मुलींना सुवर्ण’ असं वाचल्यावर कुणालाही वाटेल, बँकेच्या फसवणुकीचा तपास लावला की काय.

यात काय अडतं? आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे, पनवेल तालुक्यातल्या एका गावातली. ती राज्यपातळीवर खेळून आली. पेपरात बातमी आली, घरी आणली. फोटोत ती मागच्या रांगेत, मुखवटा काखेत. नावांच्या यादीच्या शेवटी ‘आदी खेळाडू’. आजोबांनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, “यात तू कुठे?” पुढच्या शिबिराला पाठवायचं की नाही याची घरात तेव्हा चर्चा चालली होती. त्या वर्षी ती शिबिराला गेली नाही. एका बातमीमुळेच असं झालं असं आम्ही म्हणणार नाही, पैशाचीही अडचण होती. पण पाहुण्यारावळ्यांना दाखवायला आजोबांकडे काहीतरी असतं तर त्यांनी पैशाचंही बघितलं असतं, असं तिची आईच म्हणाली.

दुसरी गोष्ट नोकरीची. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते तपासून घ्यावं लागतं. पेपरचं कात्रण तिथे चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं आपल्या राज्यात उघड झालेली आहेत. कमी लोकांना माहीत असलेल्या खेळात असं करणं सोपं जातं, कारण स्पर्धा कधी झाली, कोण खेळलं, कोण जिंकलं हे बाहेर कुणाला ठाऊकच नसतं. खरोखर खेळलेल्या मुलींची नावं, गुण आणि तारीख सगळ्यांसमोर आली असतील तर खोट्या नावाला त्यांच्यात घुसायला अवघड जातं. जागा शेवटी घाम गाळणाऱ्या मुलीचीच जाते.

आता तुम्ही म्हणाल, मग रेडिओवरून तुम्हीच द्या ना बातम्या. मैत्रिणींनो, सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावता येतात. पण खेळांची माहिती त्या बंदीत येत नाही, आणि स्थानिक सामन्याचं धावतं वर्णनही करायला मुभा आहे. तलाठ्याचं काय झालं ते आम्ही सांगू शकत नाही, पण तुमच्या मुलीनं सेमीफायनलला कोणाला हरवलं ते सांगू शकतो!

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या शाळेची किंवा तालुक्याची स्पर्धा असेल तर गटातल्या दोघीजणींनी जावं. वही न्यावी. मुलीचं पूर्ण नाव, गाव, वय. फॉइल, इपी की सेबर. कोणाशी खेळली आणि गुण किती, हरली असेल तरी. सराव कुठे करते, सकाळी की संध्याकाळी, आणि तलवार स्वतःची आहे की मागून आणलेली. ती डावखुरी असेल तर तेही लिहा, कारण या खेळात डावखुरी समोर आली की भल्याभल्यांची पंचाईत होते. पाहुण्यांची नावं शेवटी, जागा उरली तर. तीच चिठ्ठी तालुक्याच्या वार्ताहराला द्या, त्याचंही काम हलकं होईल. एक आमच्याकडे पाठवा. नाव नीट, मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे वाचताना आमची चूक होणार नाही.